तोंड पाहून दिलेला न्याय

(ठाण्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, बायबलमधल्या 'निर्गम' या पुस्तकाच्या २३व्या अध्यायात दोन आज्ञा अगदी जवळजवळ आहेत. तिसरं वचन सांगतं, खटल्यात गरिबाची भीड धरू नका. सहावं सांगतं, गरिबाला मिळायचा न्याय विपरीत करू नका. पहिली आज्ञा वाचून आपण अडखळतो. श्रीमंताची भीड धरू नये हे पटतं, पण गरिबाची का नाही? हे लिहिणाऱ्याला माणूस नीट ठाऊक होता, असं मला वाटतं. लाच डोळसालाही आंधळं करते, असं त्याच अध्यायात पुढे आहे. कणवेनेही पुरावा दिसेनासा होतो, हे त्याच्या आधीच सांगून ठेवलंय.

पण बायबलच्याच 'अनुवाद' या पुस्तकाच्या १०व्या अध्यायात देव कुणाचं तोंड पाहत नाही, लाच घेत नाही, असं म्हटल्यावर लगेच येतं की तो अनाथाला आणि विधवेला न्याय मिळवून देतो. मग निःपक्षपात कुठे राहिला? माझ्या मते विरोध नाही. ज्याचं म्हणणं वेशीपर्यंतही, म्हणजे तेव्हा जिथे न्यायनिवाडा व्हायचा तिथपर्यंतही, पोचत नाही, त्याला आधी तिथवर आणायचं. पुरावा तोलताना मात्र दोघांना एकच माप.

हे माणसाला जमत नाही, हेही बायबल लपवत नाही. शमुवेल संदेष्टा नवा राजा निवडायला बेथलेहेमला इशायाच्या घरी जातो. थोरला अलियाब दिसताच त्याला वाटतं, हाच तो. देव त्याला थांबवतो: रूप पाहू नकोस, उंची पाहू नकोस, माणूस बाहेरचं पाहतो, मी हृदय पाहतो. आणि मग धाकटा दावीद आत येतो, तेव्हा लिहिणारा काय लिहितो? तांबूस वर्ण, सुंदर डोळे, देखणा! जेमतेम पाच वचनं झाली आहेत. इतकं बजावूनही लेखकाची नजर आधी चेहऱ्यावरच गेली. मला हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत खरा क्षण वाटतो.

येशूचा शिष्य पेत्र याचंही तसंच. कर्नेल्य या रोमन शताधिपतीच्या घरी तो म्हणतो, देव पक्षपाती नाही. तोच पेत्र अंत्युखिया शहरात परजातीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंगतीला बसायचा, पण यरुशलेमेकडची माणसं येताच भीतीने बाजूला झाला. पौल या दुसऱ्या प्रेषिताने त्याला तोंडावर सुनावलं. पेत्राला तत्त्व ठाऊक होतं, तरी आपल्या माणसांची नजर भारी पडली.

आपल्या घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत तरी वेगळं काय घडतं? भाडेकरूचा अर्ज आला की आधी आडनाव वाचलं जातं. चोरी झाली की पहिला संशय वॉचमनवर किंवा कामवाल्या ताईंवर. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांतल्याला 'तिथे उभा राहा' असं सांगणारी सभा आहे. तिला आमच्या वार्षिक सभेत फार परकं वाटलं नसतं.

म्हणून बायबलमधल्या त्या जुन्या कायद्याने न्यायाधीशाच्या चांगुलपणावर सगळं सोडलं नाही. एका साक्षीवर कुणाला दोषी धरायचं नाही, दोन किंवा तीन हव्यात. साक्षीदाराचीही कसून चौकशी करायची. बायबलमधलं 'नीतिसूत्रे' हे पुस्तक सांगतं, पहिला बोलतो तो खराच वाटतो, दुसरा येऊन उलटतपासणी करेपर्यंत. कमिटीवर बसणाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे: वॉचमनला काढायचा ठराव मांडण्याआधी त्याला खोलीत बोलवा, खुर्ची द्या, आणि तक्रार करणाऱ्यासमोर त्याचं पूर्ण ऐकून घ्या.