रात्रीची लाईन आणि सकाळची भूक

शेतकरी बंधूंनो, मायबहिणींनो, नमस्कार.

हरभऱ्याच्या ओलिताचे दिवस आहेत. शेतीची लाईन, म्हणजे वीज, रात्रीची, म्हणून अर्ध्या रात्री मोटार सुरू करायला वावरात जावं लागतं. पहाटे घरी येऊन दोन तास डोळा लागतो. उठल्यावर भाकरी नको वाटते. चहासोबत टोस्ट, शेव नाहीतर भजी, असंच काही हवं असतं. घरचे म्हणतात, जिभेचे चोचले. मला ते पटत नाही.

झोप मोडली की जठरातून घ्रेलिन नावाचं संप्रेरक जास्त सुटतं. १९९९ साली जपानी संशोधकांनी ते शोधलं. ‘भूक लागली’ हा निरोप ते मेंदूला देतं. त्यात सोयाबीनच्या भावाची, कर्जाच्या हप्त्याची काळजी. अचानक धसका बसला तर भूक मरते. पण काळजी महिनोन्‌महिने मुक्कामाला राहिली की कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढं राहतं. मग गोड-तळलेलं खावंसं वाटतं आणि चरबी पोटावर साचते. हातपाय काटकुळे, पोट मात्र सुटलेलं, अशी माणसं आपल्या गावात कितीतरी आहेत. त्यांना कुणी लठ्ठ म्हणत नाही, म्हणून त्यांची तपासणीही होत नाही.

भीती वाटली की पोटात गोळा येतो, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. पोट आणि मेंदू यांना जोडणारी व्हेगस नावाची नस आहे. तिच्यातले ८० टक्के तंतू पोटाकडून मेंदूकडे खबर नेतात. मोठ्या आतड्यातले जिवाणूही या बोलण्यात सामील असतात. ज्वारीच्या कण्या, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी यांतल्या चोथ्यावर ते जगतात, आणि त्यातून जे तयार करतात त्यानं पोट भरल्याची खूण मेंदूपर्यंत जायला मदत होते. मैद्याच्या पुड्यात त्यांच्या वाट्याला फारसं काही येत नाही. अन् पुडे तर टपरीवर लेकरांच्या डोळ्यांसमोरच लटकलेले!

तेव्हा रात्री वावरात जाताना फडक्यात भाकरी-झुणका बांधून न्या. दुपारी तासभर पडलात तर आळशी म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. आणि घरची बाई सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं खाते, तिलाही सोबत जेवायला बसवा.

तिशी ओलांडली असेल तर आशाताईंकडून कंबर मोजून घ्या. पुरुषांची ९० सेंटिमीटर, बायांची ८०, याच्या आत हवी. टेप लावताना पोट आत ओढू नका, श्वास सोडून उभे राहा.