यादीतला इराण

(दृश्य: तेहरानची मेट्रो. मोबाइलमध्ये डोकं घातलेले प्रवासी.)

इराणमधले लोक इंटरनेटवर काय बघतात? सगळ्यात जास्त भेटी मिळणाऱ्या साइटांची यादी काढली की उत्तर मिळेल, असं वाटतं. अशी यादी बरीच वर्षं अलेक्सा ही कंपनी काढायची. १९९९ साली ती ॲमेझॉनने विकत घेतली आणि १ मे २०२२ला तिची सेवा बंद झाली. तिची पद्धत साधी होती. लोक ब्राउझरमध्ये तिचा टूलबार बसवायचे, ते कुठे कुठे जातात त्याची नोंद कंपनीकडे जायची आणि तेवढ्यावरून अख्ख्या देशाचा अंदाज बांधला जायचा. आता, असा टूलबार हौसेने बसवणार कोण? ज्यांची स्वतःची साइट आहे आणि तिचा नंबर वर आलेला हवा आहे, ते तर नक्कीच.

इराणच्या यादीत खेळाच्या बातम्या देणारी वर्झेश-३ असायची, व्हिडिओंची आपारात असायची, खरेदीची दिजिकाला असायची. यात नवल काही नाही. नवल होतं ते पेयवंदहा या नावाचं.

(दृश्य: संगणकाचा पडदा. पत्ता टाइप होतो, दुसरंच पान उघडतं.)

२००९च्या निवडणुकीनंतर लोक रस्त्यावर उतरले आणि फेसबुक, ट्विटर, यूट्यूब बंद झाले. बंद साइटचा पत्ता टाकला, की 'हे पान पाहता येणार नाही' असं सांगणारं सरकारी पान समोर यायचं. खाली इतर साइटांची यादी: ते नको, हे बघा. तेच हे पेयवंदहा. तिथे जायचं म्हणून कुणी गेलं नसेल, पण दार आपटलं की भेट मोजली जायची. म्हणून बंदीचं पानच देशातल्या लोकप्रिय साइटांच्या पंगतीत जाऊन बसलं!

कार्डाने पैसे भरायची सरकारमान्य यंत्रणा असलेल्या शापरकचंही तसंच. इराणमध्ये ऑनलाइन काहीही घ्या, पैसे भरायच्या क्षणी दुकानाचं पान मागे पडतं आणि शापरकच्या पत्त्यावरचं पान उघडतं. कार्डाचा नंबर टाका, मोबाइलवर आलेला तात्पुरता पासवर्ड टाका, परत दुकानात या. हा नाका चुकवता येत नाही, त्यामुळे त्याच्या भेटी प्रचंड. त्याला लोकप्रिय म्हणायचं तर टोलनाक्यालाही पर्यटनस्थळ म्हणावं लागेल.

(दृश्य: मोबाइलवर व्हीपीएनचं बटण. जोडणी होते.)

जे मनापासून बघितलं जातं, ते मात्र यादीतून निसटतं. बंदी ओलांडायला लोक व्हीपीएन वापरतात, तिथल्या बोलीत फिल्टरशेकन. ते सुरू केलं की शिराझमधली मुलगी मोजणाऱ्याला जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये बसलेली दिसते. सप्टेंबर २०२२मध्ये, हिजाबवरून पोलिसांनी पकडलेल्या महसा अमिनीच्या मृत्यूनंतर इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवर बंदी आली, तेव्हा असे 'परदेशी' इराणी किती वाढले असतील! व्हॉट्सॲप डिसेंबर २०२४मध्ये पुन्हा खुलं झालं.

ॲम्स्टरडॅममधले संशोधक रिचर्ड रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२च्या सुमारास वेगळी वाट धरली. एकाच यादीवर न विसंबता त्यांनी अलेक्सासोबत बालातारिनसारख्या ठिकाणांहून पत्ते गोळा केले. बालातारिनवर वाचकच दुवे देतात आणि मतं देऊन वर आणतात. मग इराणमधल्या प्रॉक्सीतून, म्हणजे तिथल्याच संगणकामार्फत, एकेक पत्ता उघडून पाहिला: बंद आहे का, आणि त्यावर नवं काही येतंय का? बंद केलेल्या साइटांपैकी कितीतरी ताज्या निघाल्या. लिहिणारे लिहीत होते, म्हणजे कुणीतरी वाचतही असणार. मला हा प्रश्न क्रमवारीपेक्षा जास्त कामाचा वाटतो.

सरकारचा हातही दर वेळी बंदीचाच असतो असं नाही. देशी साइटांसाठी डेटा निम्म्या दरात देण्याची सोय आहे. महिनाअखेरीला पॅक संपत आलं, की आपारात आपोआप गोड लागते. आणि नोव्हेंबर २०१९मध्ये, पेट्रोलच्या दरवाढीवरून उसळलेल्या आंदोलनात, बाहेरच्या जगाशी जोडणीच जवळपास आठवडाभर तोडली गेली. त्या आठवड्याची यादी कुणी काढली असती, तर ती अगदी शंभर नंबरी स्वदेशी निघाली असती.

(दृश्य: कॉल सेंटर. हेडफोन लावलेली मुलं.)

तेहरानमधली इस्पा ही संस्था लोकांनाच विचारते, कोणतं ॲप वापरता? कागदावर हा मार्ग सरळ आहे. पण अनोळखी आवाजाने फोनवर विचारलं, 'तुम्ही फिल्टरशेकन वापरता का?', तर तुम्ही काय सांगाल?