देवघर आणि फळा

श्रोतेहो, पत्रिकेवर विषय ‘निवृत्त शिक्षिका आणि कुटुंब’ असा छापला आहे. मी मात्र सर्वसाधारण काही न सांगता एकाच बाईंविषयी बोलणार आहे, ज्यांच्या घरात मी १९८५ साली सून म्हणून आले. शाळेतली मुले माझ्या सासूबाईंना ‘बाई’ म्हणत, दीर-नणंदाही बाईच म्हणत, आणि लग्नानंतर आठवडाभरात मीही म्हणू लागले.

त्यांच्या देवघरातली हरिपाठाची पोथी मी पहिल्यांदा उघडली तेव्हा दचकले. पानांचे कोपरे तेलकट झालेले, मध्येच हळदीचे बोट उमटलेले आणि जागोजागी लाल शाईच्या खुणा. छापणाऱ्याच्या चुका बाईंनी वह्या तपासाव्यात तशा दुरुस्त केल्या होत्या. पोथीवर लाल शाई कशी चालते, असे मी भीत भीत विचारले, तर म्हणाल्या, “हरीचा हार करून ठेवलाय त्यांनी. तसंच म्हणत बसले तर पुण्य कुणाच्या खात्यावर जमा होईल?”

सातवीची फायनल आणि अध्यापनाचे प्रशिक्षण आटोपून त्या नोकरीला लागल्या, तेव्हा जिल्हा परिषदा स्थापन व्हायच्या होत्या. १ मे १९६२ रोजी त्या अस्तित्वात आल्या आणि बाई नाशिक जिल्हा परिषदेच्या शिक्षिका झाल्या. सिन्नर, निफाड, दिंडोरी असा बदल्यांचा क्रम चालू राहिला. घर मात्र पंचवटीतल्या वाड्यातच. पावसाळ्यात गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी चढले आहे का, याची चौकशी करूनच त्या एस.टी. गाठायला निघत. सासरे कापडाच्या दुकानात हिशेब लिहीत, त्यामुळे घरात महिन्याच्या महिन्याला ठरलेला पैसा बाईंचाच येई. पगाराच्या संध्याकाळी देवासमोर पाटावर बसून त्या पाकिटे करत: दूध, वाणी, भाडे, मुलांची फी आणि शेवटचे ‘देवाचे’. देवाच्या पाकिटातून फी भरलेली मी दोनदा पाहिली. फीच्या पाकिटातला रुपया देवाकडे गेलेला मात्र कधीच पाहिला नाही. धाकट्या दोन दिरांची शिक्षणे आणि नणंदेचे लग्न याच पाकिटांतून झाले, आणि घरातला शेवटचा शब्द बाईंचा का असे, याचे कारण मला तरी त्या पाटावर सापडले.

आता ज्या प्रसंगासाठी मी हे सारे सांगते आहे, तो त्यांनीच मला सांगितलेला. सिन्नरकडच्या शाळेची सहल काळाराम मंदिरात आली असताना एका मुलाने विचारले, “बाई, आमचे आजोबा या दाराबाहेर बसले होते म्हणतात. त्यांना आत का जाऊ दिलं नाही?” लग्न झाल्यापासून बाई रोज त्या दाराने आत जात होत्या, आणि तरी उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. “उद्या सांगते,” एवढेच त्या बोलल्या. संध्याकाळी त्या सार्वजनिक वाचनालयात गेल्या. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला सत्याग्रह, पाच वर्षे चालूनही अस्पृश्यांसाठी न उघडलेली मंदिराची दारे आणि १९३५ साली याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी केलेली धर्मांतराची घोषणा, हे सारे त्यांनी दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितले. पुढे प्रत्येक २ मार्चला त्या ते सांगत राहिल्या. देवधर्म करणाऱ्या बाईने हा विषय कशाला काढावा, असे नात्यातल्या कुणी म्हटले, तेव्हा “रामासमोर खोटं बोलू का?” एवढेच त्यांनी विचारले.

मात्र सून म्हणून इथे मला थांबले पाहिजे, कारण याच बाईंच्या देवघरातल्या तांब्याच्या कळशीला महिन्यातले चार दिवस मला हात लावायची मुभा नव्हती. मला त्याचा राग येई, आणि तो मी आजही लपवत नाही. कित्येक वर्षांनी, माझी मुलगी वयात आली त्या महिन्यात, बाईंनी ती कळशी उचलून स्वयंपाकघरात माठाशेजारी ठेवली. एक शब्द बोलल्या नाहीत, मीही विचारले नाही.

१९९३ मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्या निवृत्त झाल्या आणि पुढच्या ज्येष्ठात निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला पायी निघाल्या. माउलींचे थोरले भाऊ हेच त्यांचे गुरू, याचा बाईंना शिक्षिका म्हणून विशेष अभिमान वाटे. “आळंदीला सगळेच जातात,” त्या म्हणत, “पण ज्यांनी ज्ञानोबांना शिकवलं, ते आपल्या जिल्ह्यात आहेत.” सिन्नर तालुक्यातून दिंडी जाताना जुने विद्यार्थी रस्त्यावर चहा घेऊन उभे राहिले. पाया पडणाऱ्या एका टक्कल पडलेल्या गृहस्थाला त्यांनी पहिला प्रश्न केला, “अक्षर सुधारलं का रे?”

अलीकडे त्यांना दिसत नाही, म्हणून माझी मुलगी संध्याकाळी त्यांना हरिपाठ वाचून दाखवते. परवा तिने नवी, मोठ्या अक्षरांची पोथी आणली आणि वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या अभंगाला बाईंनी हात वर केला.

“तिथं दीर्घ नाही. लाल पेन आण.”