स्पॉइल बोर्डला रंधा आणि वर ग्रिड: राउटरवाल्यांसाठी एक व्याख्यान

बसा मंडळी, मागच्यांनी थोडं पुढं सरका, कूलरचा आवाज होऊन राहिला. लकडगंजातले फर्निचरवाले आहेत, हिंगणा एमआयडीसीतले आहेत, वाडीकडचे साइनबोर्डवाले पण दिसून राहिले, म्हणजे प्रत्येकाच्या सीएनसी राउटरवर, प्रोग्रामनं कापणाऱ्या त्या मशीनवर, काम वेगळं, पण बेडवर ठोकलेला तो १८ एमएमचा एमडीएफ, लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड, सगळ्यांचा सारखाच. मालाची शीट त्याच्यावर ठेवून कापतो, कटर खाली उतरला तर तो खराब होतो, बेड नाही, म्हणून तो स्पॉइल बोर्ड. त्याच्यावरच बोलायचं आहे आज.

होते काय पाहा. जाळी कापायला घेतली, तीन कोपरे आरपार सुटले अन् चौथा चिकटून राहिला. किंवा दाराच्या पॅनलवर एकीकडं नक्षी खोल अन् दुसरीकडं उथळ. मग आपण बिट बदलतो, प्रोग्राम पुन्हा पाहतो, पोराला बोलतो. अन् बऱ्याचदा दोष खालच्या बोर्डचा असतो, तिकडं कोणी पाहतच नाही.

आता सपाट म्हणजे कशाच्या हिशोबानं सपाट, हे आधी डोक्यात पक्कं बसू द्या. स्पिरिट लेव्हल ठेवली अन् बुडबुडा मधे आला म्हणजे काम झालं असं नाही. मशीनला बुडबुड्याशी काही देणंघेणं नाही. गॅन्ट्री, म्हणजे कटर घेऊन बेडवरून सरकणारी कमान, ज्या प्रतलात चालते त्याला बोर्ड समांतर पायजे, एवढंच. म्हणून बोर्ड बाहेरून कितीही गुळगुळीत करून आणा, उपयोग नाही, तो त्याच मशीनवर ठोकून त्याच स्पिंडलनं, म्हणजे कटर फिरवणाऱ्या मोटरनं, रंधायचा. बेड थोडा वाकडा असेल, खालची फ्रेम एखाद्या जागी दबलेली असेल, ते सगळं त्या एका रंध्यात भरून निघते.

बोर्ड बसवताना स्क्रूकडं लक्ष द्या. डोकं निदान ८-१० एमएम खाली गेलं पायजे, कारण दर वेळी वरून थोडं थोडं जाणारच. नायलॉनचे बोल्ट मिळाले तर फारच चांगलं, कटर लागला तरी दात शाबूत राहतात. अन् बोर्ड मशीनच्या चालीपेक्षा मोठा ठेवू नका, नाहीतर कडेला न कापलेली उंच पट्टी राहते अन् आठ बाय चारची शीट त्या पट्टीवर चढून बसते. मग मधे पोकळ.

कटर २५ एमएमचा सरफेसिंगवाला घ्या. स्पिंडल १६ ते १८ हजार आरपीएम, म्हणजे २४ हजारच्या स्पिंडलला व्हीएफडीवर (वेग कमी-जास्त करायच्या डब्यावर) ३०० हर्ट्झ ठेवले की १८ हजार होतात. कटर ५० एमएमचा असेल तर आरपीएम बरेच खाली आणा, कटरवर कमाल आरपीएम छापलेले असतात ते वाचल्याशिवाय बटन दाबू नका. खोली एका पासला ०.३ ते ०.५ एमएम, बस. झेड झिरो, म्हणजे जिथून खोली मोजायची ती जागा, बोर्डच्या सगळ्यात उंच जागेवर घ्यायचा, कुठल्याही एका कोपऱ्यावर नाही, नाहीतर मधल्या उंचवट्यावर कटर एकदम खोल घुसते. सुरू करायच्या आधी पूर्ण बोर्डवर पेन्सिलनं आडव्यातिडव्या रेघोट्या ओढून घ्या. एक पास झाला की जिथं पेन्सिल शिल्लक तिथं खड्डा, पुन्हा ०.३ उतरवा, पेन्सिल पूर्ण जाईपर्यंत.

वेळेचा हिशोब पण सांगतो, कारण काऊन टाळतात लोक तर वेळ जातो म्हणून. १३२५ मॉडेलवर, म्हणजे १३०० बाय २५०० एमएमच्या बेडवर, १५ एमएमचा स्टेपओव्हर (दर पासला बाजूला सरकायचं अंतर) धरला तर साधारण ८७ पास, प्रत्येक अडीच मीटरचा, म्हणजे २१७ मीटर चाल. ४००० च्या फीडनं, म्हणजे मिनिटाला ४००० एमएम चालीनं, पाऊण तास ते तास. एका खराब झालेल्या शीटची किंमत काढा अन् मग सांगा महाग काय ते.

आता बोटाचं काम. रंधा झाला की पासच्या आडवं नख फिरवा. पायरी लागते का? उभे पास मारले अन् आडवं नख अडकून राहिलं तर स्पिंडल डावी-उजवीकडं कललेला आहे. इथं बरेच जण सँडपेपर मारून मोकळे होतात, पायरी दिसत नाही पण स्पिंडल तसाच वाकडा राहतो, अन् उद्या मोठा पॉकेट (सपाट तळाचा खड्डा) काढला की त्याच पायऱ्या गिऱ्हाइकाच्या मालावर. मशीन बंद करा, कॉलेटमध्ये, जिथं कटर पकडतो तिथं, दांडी लावून तिच्या टोकाला डायल गेज (बारीक फरक दाखवणारं घड्याळ) बांधा, मध्यापासून १०० एमएमवर, अन् हातानं पूर्ण गोल फिरवा. २०० एमएमच्या त्या गोलात ०.१ एमएमचा फरक आला तर २५ च्या कटरला जास्तीत जास्त शतांश एमएमच्या आसपास पायरी येईल, ५० च्या कटरला त्याच्या दुप्पट. स्पिंडलच्या प्लेटमागं पातळ शिम, म्हणजे पत्र्याचा तुकडा, टाकून सरळ करा, मगच शेवटचा पास मारा.

आणि हा कूलर. एमडीएफ पाणी पितो हे सगळ्यांना माहीत आहे, पण आपण नागपुरात राहून ते विसरतो. मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री, हवा कोरडी ठक्क, अन् शेडमध्ये आपण कूलरनं ओलसर हवा सोडून राहिलो थेट बेडवर. वर रंधा मारून आपण त्याची घट्ट वरची साय काढून टाकलेली, आतला भाग जास्त पोकळ, तो ओल लवकर ओढतो. कूलरचा झोत बेडवर येऊ देऊ नका, अन् पावसाळा लागल्यावर पहिला हलका रंधा पुन्हा मारा, ऑक्टोबरात हवा सुकली की परत एक. बोर्ड १०-१२ एमएमवर आला की काढून टाका, मोह करू नका.

ग्रिडवर येतो, म्हणजे बोर्डवर मशीननंच मारायच्या मापाच्या आडव्या-उभ्या रेघांवर. ९० डिग्रीचा व्ही-बिट, ०.३ एमएम खोल, रेघ येते ०.६ रुंद, डोळ्याला पुरे. ५० एमएमवर रेघा, दर १०० ला आकडा. रेघ पुढच्या रंध्याच्या खोलीपेक्षा उथळच ठेवा, नाहीतर जुन्या रेघांची भुतं नव्या रेघांच्या बाजूला उरतात. अन् आधी होमिंग, म्हणजे मशीनला तिच्या ठरलेल्या सुरुवातीच्या जागी नेणं. होम केल्यावर एक्स-वाय झिरो दर वेळी त्याच जागी आला तरच त्या आकड्यांना अर्थ आहे. तसं झालं की शीट ३०० च्या रेघेला लावली, प्रोग्राममध्ये ३०० टाकलं, काम सुरू.

पण मला ग्रिड आवडतो तो वेगळ्याच कारणानं. गवंडी पाया आखताना ३-४-५ नं काटकोन पाहतो ना, तेच इथं करा. ग्रिडवर १२०० बाय ९०० चा चौकोन पकडा अन् दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही १५०० आले पायजेत. एक १५०१ अन् दुसरा १४९९ आला तर गॅन्ट्री तिरकी चालून राहिली, एका बाजूची मोटर पुढं आहे, अन् तुमचं प्रत्येक कपाटाचं दार गुण्यात (काटकोनात) नाही. बाहेरून आखलेल्या रेघांनी हे कधीच कळलं नसतं, मशीननं स्वतः मारलेल्या रेघाच ते दाखवतात. दोन्ही कर्ण सारखे पण १५०० नाहीत, तर मग मोटरच्या स्टेप्सची सेटिंग, म्हणजे एका एमएमला मोटर किती पावलं फिरते ती, तपासा.

रंध्यानंतर झेड झिरो नव्यानं घ्यायला विसरायचं नाही, बोर्ड खाली गेलेला असतो. शीट आरपार कापताना झिरो बोर्डवरच घ्या, शीटवर नाही, कारण बाजारातली १८ ची शीट खरंच १८ निघेल याची खात्री नसते. बोर्डमध्ये ०.२ एमएम उतरलं की पुरे.

धूळ. हे मी घाईत सांगणार नाही. रंधा मारताना जी पिठासारखी धूळ उडते तेवढी बारीक इतर कामात क्वचितच उडते. लाकडाच्या धुळीला आयएआरसीनं, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं, १९९५ मध्येच माणसाला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं, अन् एमडीएफच्या गोंदातला फॉर्मल्डिहाइड पण त्याच गटात आहे. रुमाल बांधून ही धूळ अडत नाही. एन-९५ घाला, डस्ट कलेक्टर लावा, अन् मशीनवर उभ्या असलेल्या पोराला पण घालायला लावा, त्याचं वय तुमच्यापेक्षा कमी आहे, त्याला अजून खूप वर्षं श्वास घ्यायचा आहे.

(प्रश्न आला की व्हॅक्यूम बेडवर, म्हणजे हवा ओढून शीट धरणाऱ्या बेडवर, ग्रिड चालेल का.) चांगलं विचारलं दादा. व्हॅक्यूमला एमडीएफच्या दोन्ही बाजूंची साय काढावी लागते, तेव्हाच हवा आरपार ओढली जाते, अन् चारी कडा प्रायमर किंवा फेविकॉलनं बंद करायच्या. रेघ शीटच्या खालून बाहेर निघत असेल तर तिच्यातून हवा शिरते अन् लहान पीस सरकतो. म्हणून तुम्ही पूर्ण ग्रिड नका मारू, शीट जिथं टेकत नाही त्या दोन कडांना पट्टीसारख्या छोट्या खुणा मारा अन् आकडे टाका.