ताणाखाली जुळणारी प्रथिने

नाशिककर श्रोतेहो, पेशी आपल्या आधाराला चिकटते म्हणजे नेमके काय होते, एवढाच प्रश्न आज घ्यायचा आहे. पेशीच्या बाहेरून काही चिकट द्रव्य पाझरत असावे आणि त्यामुळे ती जागच्या जागी राहत असावी, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात ही पकड पेशीच्या आतून, पेशीकंकालाशी, म्हणजे पेशीला आकार देणाऱ्या तंतूंच्या सांगाड्याशी, निगडित प्रथिने एकमेकांना धरतात त्यातून तयार होते. आणि यांतील काही महत्त्वाची प्रथिने तर ओढली गेल्याशिवाय एकमेकांना नीट धरतच नाहीत. पेशीविज्ञानातील ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते.

प्रथम साखळी पाहू. पेशीपटलातून आरपार गेलेले इंटेग्रिन हे प्रथिन बाहेर कोलॅजन किंवा फायब्रोनेक्टिनसारख्या तंतूंना धरते. त्याच्या आतल्या शेपटीला टॅलिन नावाच्या प्रथिनाचे डोके बिलगते आणि टॅलिनचा लांब दांडा पेशीकंकालातील ॲक्टिन या प्रथिनाच्या तंतूंपर्यंत पोहोचतो. हे तंतू मायोसिन या ओढणाऱ्या प्रथिनाकडून सतत खेचले जात असतात. इंटेग्रिन ते ॲक्टिन हे सगळे अंतर अवघे 40 नॅनोमीटरच्या आसपास भरते.

टॅलिनचा दांडा सर्पिलांच्या, म्हणजे अमिनो आम्लांच्या साखळीच्या स्प्रिंगसारख्या वेटोळ्यांच्या, 13 जुड्यांचा बनलेला आहे आणि त्यांत विन्क्युलिन या दुसऱ्या प्रथिनासाठी 11 बंधनस्थाने आहेत. पण ती जुड्यांच्या गाभ्यात दडलेली असतात. तिसरी जुडी जरा जवळून पाहण्यासारखी आहे. तिच्यात चार सर्पिले आहेत. अशा जुडीचा गाभा सहसा पाण्यापासून दूर राहणाऱ्या अमिनो आम्लांनी घट्ट भरलेला असतो, मात्र इथे त्या जागी पाण्याशी सलगी करणारी काही थ्रिओनिन आम्ले बसलेली असल्याने ही जुडी मुळातच सैल राहते. सुमारे 5 पिकोन्यूटन इतका, म्हणजे मायोसिनच्या मोजक्या रेणूंना सहज लावता येईल इतका ताण आला की ती उलगडते आणि आतली दोन बंधनस्थाने उघडी पडतात. विन्क्युलिन तिथे येऊन बसले की जुडी पुन्हा मिटू शकत नाही. विन्क्युलिनची शेपटी ॲक्टिनला धरते, त्यामुळे त्याच जागी आणखी तंतू जोडले जातात आणि पकड बळावते.

हा केवळ तर्क नाही. 2009 साली संशोधकांनी टॅलिनच्या दांड्याचा तुकडा एका टोकाने काचेला आणि दुसऱ्या टोकाने चुंबकीय मण्याला बांधून ओढला, तेव्हा ताणलेल्या रेणूवर अधिक विन्क्युलिन बसलेले दिसले. अर्थात या ताणालाही मर्यादा आहे. तो फारच वाढला तर उघडलेली सर्पिलेसुद्धा सरळ होतात आणि विन्क्युलिन सुटते.

दिंडोरी-निफाडच्या बागांत ऑक्टोबर छाटणीच्या वेळी कात्री बोटाला लागते, तेव्हा रक्त गोठवायला मदत करणाऱ्या बिंबिका (प्लेटलेट) याच यंत्रणेवर अवलंबून असतात. त्यांचे इंटेग्रिन एरवी मिटलेले असते; टॅलिनचे डोके आतून जोडले गेल्यावरच ते उघडून रक्तातील फायब्रिनोजेन या प्रथिनाला धरते. ग्लान्झमानच्या आजारात हे इंटेग्रिनच जन्मतः नसते किंवा सदोष असते, म्हणून लहानशा जखमेचे रक्तही लवकर थांबत नाही. त्यानंतर जखम भरून काढायला सरसावणाऱ्या त्वचेच्या पेशींना पुढच्या कडेला नवी पकड बांधावी लागते आणि मागची सोडावी लागते.

शेजारशेजारच्या पेशी एकमेकींना कॅडहेरिन या पटलातील प्रथिनाने धरतात. तिथे टॅलिनचे काम अल्फा-कॅटेनिन करते, आणि तेही ताणाखाली उघडून विन्क्युलिनला जागा देते. या प्रथिनाने संशोधकांना बरीच वर्षे कोड्यात टाकले होते. 2005 साली परीक्षानळीतल्या प्रयोगांत असे दिसले, की कॅडहेरिनच्या गटात बांधलेले अल्फा-कॅटेनिन त्याच वेळी ॲक्टिनला धरत नाही. मग पाठ्यपुस्तकांत दाखवलेली जोडणी टिकते तरी कशी? 2014 साली ॲक्टिनचा एकेक तंतू ओढून मोजमाप झाले, तेव्हा ताण नसताना हा बंध दुर्बळ असल्याचे, आणि काही पिकोन्यूटन ताण येताच, ओढल्यावर घट्ट बसणाऱ्या गाठीप्रमाणे, तो अधिक काळ टिकत असल्याचे आढळले. आधीच्या प्रयोगांतील द्रावणात सर्व प्रथिने शुद्ध आणि योग्य प्रमाणात होती. फक्त त्यांना ओढणारे मायोसिन तिथे नव्हते.