टक्क्यावर टक्का

[दृश्य : शिलाई कारखाना, खोक्यांत भरले जाणारे शर्ट]

साल १९९०. हे शर्ट अमेरिकेला जायचेत असं समजा. तिथल्या दुकानदाराला हवे तेवढे पाठवता येत नाहीत. किती पाठवायचे ते कोटा ठरवतो.

१९७४ पासून लागू असलेल्या मल्टी फायबर करारानं, म्हणजे कापड आणि कपड्यांच्या व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारानं, श्रीमंत देशांना असा कोटा लावायची मुभा दिली. कोटा दरवर्षी साधारण सहा टक्क्यांनी वाढावा, असं त्यात म्हटलं होतं. द्विपक्षीय बोलणी सुरू झाली की हा आकडा घसरायचा. कोटा इतका मोलाचा, की भारतात त्याच्या हस्तांतरालाही भाव यायचा. सुती कापडाचे कोटे वाटायचं काम मुंबईतल्या टेक्सप्रोसिल या निर्यात प्रोत्साहन परिषदेकडे होतं.

[दृश्य : मराकेश, मोरोक्को, एप्रिल १९९४]

जागतिक व्यापाराच्या वाटाघाटींच्या उरुग्वे फेरीत ठरलं, की दहा वर्षांत कोटे संपवायचे. तोवर वाढीचा दर वाढवायचा : १९९५ ला १६ टक्क्यांनी, १९९८ ला आणखी २५, २००२ ला आणखी २७. ऐकायला घसघशीत! पण वाढणार होता तो दर, कोटा नव्हे. सहाचे झाले ६.९६, मग ८.७, शेवटी ११.०५. आणि ज्याच्या पदरात मुळात एकच टक्का होता, त्याला अखेरीस मिळाले १.८४. कमी दरावर सही करून बसलेल्यांना या सूत्रानं काय दिलं, ते तुम्हीच बघा.

कोटामुक्तीचंही तसंच. आधी कुठला माल मोकळा करायचा, हे आयात करणारा देश निवडणार. करारातल्या मालाच्या यादीत छत्र्या, पॅराशूट, बाहुल्यांचे कपडेसुद्धा होते. मग काय, ज्यांवर कोटा नव्हताच असा माल आधी मोकळा झाला. ४९ टक्के आयात शेवटच्या दिवसापर्यंत राखून ठेवता आली, आणि खरे कपडे त्यातच होते.

[दृश्य : बंदर, कंटेनर]

१ जानेवारी २००५ ला कोटे संपले. चिनी माल युरोपात लोटला. जूनमध्ये शांघायला युरोपीय संघाचे व्यापार आयुक्त पीटर मँडेलसन आणि चीनचे वाणिज्य मंत्री बो शिलाय बोलणीला बसले. विषय? पुन्हा कोटा, आणि त्याच्या वाढीचा दर. दहा प्रकारच्या मालाला वर्षाला ८ ते १२.५ टक्के, २००७ अखेरपर्यंत. ऑगस्टमध्येच स्वेटर, पँट, ब्रा यांचे कोटे भरले आणि कोट्यवधी कपडे युरोपच्या बंदरांत अडकले. ते सोडवायला सप्टेंबरमध्ये बीजिंगला पुन्हा बैठक भरली.