डिझेल इंजिनात व्हॅक्यूमच नाही, मग गिअर कधी टाकायचा हे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला कळतं कसं?

नमस्कार मंडळी! आज हातात काय आहे बघा. बूटपॉलिशच्या डबीएवढी पत्र्याची डबी, मागे नळी लावायला तोंड. हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा मॉड्युलेटर. ही सिरिंज नळीला जोडतो, दट्ट्या ओढतो... दिसलं? आतली पिन मागे गेली. सोडला, स्प्रिंगने परत पुढे. खेळ एवढाच, पण गिअर लवकर पडणार की उशिरा, ते ही पिन ठरवते.

आजच्या ऑटोमॅटिक गाड्यांत हे सगळं कंप्युटर बघतो. पेडलला सेन्सर, शाफ्टला सेन्सर, विषय संपला. आपण जाऊ १९८०च्या दशकातल्या अमेरिकेत. शेवरलेचा पिकअप, ६.२ लिटर डिझेल इंजिन, मागे टर्बो हायड्रामॅटिक ४०० हा तीन गिअरचा बॉक्स. सैन्याच्या गाड्यांतही हीच जोडी होती. कंप्युटर नाही, सगळा कारभार तेलाच्या दाबावर.

बॉक्सच्या आत दोघं पंजा लढवत असतात. एका बाजूला गव्हर्नर: गाडी जितकी जोरात, तितका त्याचा दाब जास्त. तो म्हणतो, ‘टाक वरचा गिअर.’ समोर स्प्रिंग आणि मॉड्युलेटरचा दाब: ‘थांब, अजून लोड आहे.’ गव्हर्नर जिंकला की गिअर पडला.

आता लोड किती आहे हे मॉड्युलेटरला सांगतो कोण? पेट्रोल गाडीत इंजिनचा व्हॅक्यूम, म्हणजे हवा ओढताना तयार होणारी पोकळी. पाय हलका असेल तर हवेच्या वाटेवरची झडप, म्हणजे थ्रॉटल, जवळजवळ बंद, इंजिन हवा ओढून ओढून दमतं, व्हॅक्यूम भरपूर. पाय दाबला की झडप उघडली, व्हॅक्यूम पडला, पिन पुढे आली, मॉड्युलेटरचा दाब वाढला आणि गिअर उशिरा.

आणि इथेच डिझेलची पंचाईत! त्या इंजिनाला थ्रॉटलच नाही. हवा कायम मोकळी, कमी-जास्त होतं ते फक्त डिझेल. म्हणजे सांगणाराच गायब.

मग जनरल मोटर्सच्या इंजिनिअरांनी काय केलं? इंजिनला वेगळा व्हॅक्यूम पंप जोडला आणि इंजिनला डिझेल पुरवणाऱ्या पंपाच्या, पेडलने फिरणाऱ्या लिव्हरवर एक छोटा व्हॉल्व्ह बसवला. लिव्हर जितका फिरेल तितका हा व्हॉल्व्ह व्हॅक्यूम कमी करतो. बॉक्सला वाटतं, समोर पेट्रोल इंजिनच आहे. चक्क फसवणूक! पण मला मनापासून आवडलेली.

म्हणूनच अशा गाडीत गिअर उशिरा आणि धक्का देऊन पडायला लागला, तर लगेच बॉक्स उतरवायला देऊ नका. रबरी नळीला चीर गेली की व्हॅक्यूम जातो आणि बॉक्स समजतो, पाय फुल दाबलाय. आधी डबीवरची नळी काढा. ही बघा, ह्या नळीतून लाल तेल टपकतंय. गिअरबॉक्सचं तेल इथे यायलाच नको. आलंय म्हणजे डबीतला पडदा फाटलाय. डबी बदला. आणि नळी-डबी दोन्ही ठीक असतील, तर पंपावरच्या त्या व्हॉल्व्हचे दोन बोल्ट ढिले करून तो किंचित फिरवायचा, पण व्हॅक्यूम मोजायचा गेज लावून हं. नुसत्या अंदाजाने फिरवलात, तर गिअर हवा तेव्हा पडणारच नाही.